बेंबीच्या देठातला कॅन्सर: मूत्राशयाच्या एका दुर्मीळ आजाराची ओळख

माणूस जिवाच्या आकांताने ओरडला की तो बेंबीच्या देठापासून ओरडला असं आपण म्हणतो. हा देठ शरीरात खरोखर आहे. पोटाच्या भिंतीच्या आतल्या अंगाने बेंबीला चार दोऱ्या चिकटलेल्या असतात. एक वर यकृताकडे जाते, दोन दोन्ही बाजूंनी ओटीपोटात उतरतात. या तिन्ही एके काळी नाळेच्या रक्तवाहिन्या होत्या. चौथी दोरी मधोमध सरळ खाली येते आणि मूत्राशयाच्या माथ्याला मिळते. तिचं नाव युरेकस. गर्भात सुरुवातीला मूत्राशय बेंबीच्या जवळ असतं. पुढे ते खाली ओटीपोटात सरकतं, तशी ही मधली नळी ताणली जाते, बारीक होते आणि बहुतेकांमध्ये जन्माआधीच मिटते. मोठ्या माणसात उरते ती साधारण ३ ते १० सेंटिमीटर लांबीची तंतुमय दोरी.

बहुतेकांना आयुष्यभर तिचा पत्ताही लागत नाही. पण फार क्वचित कोणाच्या तरी याच दोरीत कॅन्सर होतो. मूत्राशयाच्या सगळ्या कॅन्सरमध्ये युरेकसच्या कॅन्सरचं प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे. वैद्यकीय साहित्यात त्याची पहिली नोंद १८६३ सालची, फ्रान्समधली. आजार इतका विरळा आहे की अनुभवी युरॉलॉजिस्टनेही (मूत्रविकारतज्ज्ञानेही) अख्ख्या कारकिर्दीत त्याचे मोजकेच रुग्ण पाहिलेले असतात. उपचारात चुका होतात त्या बहुधा एकाच समजुतीतून: गाठ मूत्राशयात सापडली, म्हणजे ती मूत्राशयाच्या नेहमीच्या कॅन्सरसारखीच वागणार. ती तशी वागत नाही. हा लेख सगळा त्या फरकाबद्दल आहे.

मूत्राशयात सापडतो, वागतो आतड्यासारखा

मूत्राशयाचा नेहमीचा कॅन्सर आतल्या अस्तरात सुरू होतो. लघवीतून जाणारी तंबाखूच्या धुराची किंवा रंग-रसायनांची विषारी द्रव्यं त्या अस्तराला तासन्‌तास लागत राहतात, तिथून त्याची सुरुवात होते. हा आजार बहुधा साठीनंतरचा. युरेकसचा कॅन्सर मात्र भिंतीच्या आत किंवा भिंतीबाहेरच्या दोरीत जन्मतो आणि बाहेरून आत पोखरत येतो. सरासरी वय पन्नाशीच्या आसपास, बऱ्याचदा त्याहूनही कमी. पुरुषांमध्ये तो थोडा जास्त दिसतो. तंबाखूशी त्याचा ठोस संबंध आढळलेला नाही, त्यामुळे ‘यांनी तर कधी सुपारीचं खांडही तोंडात टाकलं नाही’ हे घरच्यांचं आश्चर्य समजण्यासारखं आहे. रुग्णाचं काही चुकलं म्हणून हा आजार होत नाही, हे त्याला स्वच्छ शब्दांत सांगायला हवं.

मिटलेल्या दोरीत कॅन्सर होण्याजोगं काय उरतं? मोठ्या माणसांच्या युरेकसचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर जवळपास एक तृतीयांश लोकांमध्ये दोरीच्या पोटात केसाइतकी बारीक पोकळी आणि तिच्या कडेने पेशींचं अस्तर अजून शिल्लक दिसतं. कधी कधी या पेशी आतड्याच्या अस्तरासारखं रूप घेतात. यात नवल वाटायला नको, कारण गर्भात मूत्राशय आणि गुदाशय मुळात एकाच पोकळीतून वेगळे झालेले असतात. म्हणून युरेकसचे सुमारे ९० टक्के कॅन्सर अ‍ॅडिनोकार्सिनोमा असतात, म्हणजे ग्रंथीच्या पेशींचे. आतड्यासारखाच ते चिकट, पारदर्शक श्लेष्मा तयार करतात. मूत्राशयाच्या नेहमीच्या कॅन्सरचा प्रकार वेगळा, त्याला युरोथेलियल कार्सिनोमा म्हणतात. रिपोर्टमधल्या या दोन शब्दांपैकी कोणता शब्द आहे, त्यावर पुढचा सगळा मार्ग ठरतो.

उन्हाळी समजून गेलेले महिने

सगळ्यात जास्त आढळणारं लक्षण म्हणजे लघवीतून रक्त. ते बहुधा दुखण्याविना येतं, एक-दोन दिवस दिसतं आणि आपोआप थांबतं. थांबलं म्हणजे बरं झालं असं वाटतं, आणि तिथेच वेळ जातो. काहींना जळजळ होते, वारंवार जावं लागतं. मग घरात ‘उन्हाळी लागली’ म्हणून धण्या-जिऱ्याचं पाणी सुरू होतं. दवाखान्यात अँटिबायोटिकचा कोर्स, महिन्याने पुन्हा एक कोर्स. लघवीच्या कल्चरमध्ये जंतू वाढत नसताना दुसऱ्यांदा अँटिबायोटिक दिलं जात असेल, तर तिथे थांबून दुर्बिणीची तपासणी मागायला हवी. चाळिशीनंतर लघवीतून एकदा जरी डोळ्यांना दिसेल असं रक्त गेलं, तरी सोनोग्राफी नॉर्मल आहे एवढ्यावर समाधान मानू नये.

सोनोग्राफीबद्दल थोडं जास्त सांगणं गरजेचं आहे. ही गाठ मूत्राशयाच्या माथ्यावर किंवा पुढच्या भिंतीवर असते, म्हणजे पोटावर ठेवलेल्या प्रोबच्या अगदी खाली. नेमक्या याच जवळच्या पट्ट्यात ध्वनिलहरी मागे-पुढे आदळून चित्र धूसर करतात. मूत्राशय पुरतं भरलेलं नसेल तर माथा घडीत लपतो. लहान गाठ अशी सहज निसटते. लघवीतल्या कॅन्सरपेशींची तपासणीही बऱ्याचदा निकोप येते, कारण गाठीचा मोठा भाग भिंतीबाहेर असतो आणि लघवीत फारसं काही झडत नाही.

या आजाराची म्हणता येईल अशी दोन लक्षणं आहेत, पण ती थोड्याच रुग्णांत दिसतात. पहिलं, लघवीतून श्लेष्मा जाणं. काचेच्या ग्लासात लघवी घेऊन उजेडासमोर धरली तर शेंबडासारखे चिकट, पांढुरके धागे किंवा शिजलेल्या साबुदाण्यासारखे गोळे तळाशी बसलेले दिसतात. कधी हेच गोळे लघवीच्या वाटेत अडकून धार तुटते. (साध्या लघवीच्या रिपोर्टमध्ये ‘म्यूकस थ्रेड्स’ असं लिहिलेलं असतं, त्याने घाबरून जाऊ नका. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे ते तंतू निरोगी माणसातही असतात. इथे डोळ्यांना दिसणाऱ्या गोळ्यांबद्दल बोलतो आहोत.) दुसरं लक्षण, मोठ्या माणसाची बेंबी विनाकारण ओली राहणं, त्यातून पू, पाणी किंवा रक्त येणं, किंवा बेंबीखाली मधोमध हाताला गाठ लागणं. बेंबी ओली राहण्यामागे बहुतेक वेळा साधा त्वचेचा संसर्ग किंवा युरेकसची निरुपद्रवी गळूसारखी पिशवी असते, तरीही एकदा आतून तपासून घ्यावंच.

तपासण्या: कोणती कशासाठी

दुर्बिणीची तपासणी, म्हणजे सिस्टोस्कोपी, इथे निर्णायक. मूत्रमार्गातून बारीक दुर्बीण आत जाते आणि पाण्याने मूत्राशय फुगवलं जातं. पाण्याबरोबर थोडी हवा आत शिरते आणि तिचा बुडबुडा सगळ्यात उंच जागी, म्हणजे माथ्यावर, जाऊन बसतो. तो बुडबुडा हीच माथ्याची खूण. सरळ पाहणाऱ्या दुर्बिणीला हा कोपरा नीट दिसत नाही. म्हणून तिरकं पाहणारी भिंग वापरावी लागते किंवा लवचिक दुर्बीण उलटी वळवावी लागते, आणि दुसऱ्या हाताने ओटीपोट दाबून माथा खाली आणावा लागतो. एवढं केलं नाही तर गाठ तिथे असूनही ‘सगळं स्वच्छ’ असा रिपोर्ट येऊ शकतो.

गाठ दिसली की दुर्बिणीतून तिचा तुकडा खरवडून काढतात. हा तुकडा फक्त निदानासाठी असतो. दुर्बिणीतून गाठ ‘पूर्ण काढली’ असं डिस्चार्ज कार्डवर लिहिलेलं असलं, तरी ते मूत्राशयाच्या आतून दिसणाऱ्या टोकापुरतंच खरं असतं. बाकीचा भाग भिंतीपलीकडे राहिलेला असतो.

त्यानंतर कॉन्ट्रास्ट, म्हणजे स्कॅनमध्ये अवयव उठून दाखवणारं औषध, देऊन सिटी स्कॅन, शक्यतो छातीसकट. मधोमध, मूत्राशयाच्या माथ्यापासून बेंबीच्या दिशेने वर जाणारी गाठ आणि तिच्यात विखुरलेले चुन्याचे पांढरे कण, असं चित्र दिसलं की अनुभवी रेडिओलॉजिस्टच्या मनात युरेकसचं नाव लगेच येतं. हे कण निम्म्याहून अधिक रुग्णांत सापडतात. एमआरआयमध्ये बाजूने घेतलेल्या छेदात गाठ कुठवर पोचली हे जास्त स्पष्ट होतं, श्लेष्मा त्यात पाण्यासारखा चकाकतो.

आता एक तपासणी अशी, जिच्याबद्दल रुग्ण हमखास विचारतात: लघवीचा त्रास आहे, मग मोठ्या आतड्याची दुर्बीण कशाला? कारण सूक्ष्मदर्शकाखाली युरेकसचा आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर जुळ्या भावंडांइतके सारखे दिसतात. आतड्याचा कॅन्सर मूत्राशयात घुसल्यावरही अगदी असाच तुकडा मिळतो. पॅथॉलॉजिस्ट विशेष रंगचाचण्या लावतात, पण सीके२० आणि सीडीएक्स२ या दोन्ही चाचण्या दोन्ही आजारांत पॉझिटिव्ह येतात. बीटा-कॅटेनिन हे प्रथिन पेशीच्या केंद्रकात दिसलं तर संशय आतड्याकडे झुकतो, पण शंभर टक्के खात्री त्यानेही होत नाही. म्हणून कोलोनोस्कोपी करून आतडं स्वच्छ आहे हे प्रत्यक्ष पाहावं लागतं. स्त्रियांमध्ये अंडाशय आणि गर्भाशयाचीही तपासणी होते, कारण तिथल्या गाठीही अशाच दिसू शकतात. थोडक्यात, ‘युरेकस’ हे निदान एकट्या पॅथॉलॉजिस्टच्या रिपोर्टवर उभं राहत नाही. गाठीची जागा, स्कॅन, दुर्बीण आणि काचपट्टी अशा चारही गोष्टी एकमेकींशी जुळाव्या लागतात.

रक्तातले सीईए, सीए १९-९ आणि सीए १२५ हे मार्कर, म्हणजे कॅन्सरमध्ये वाढू शकणारी द्रव्यं, शस्त्रक्रियेआधी एकदा मोजून ठेवावेत. ते वाढलेले असतील तर पुढे आजार परततो आहे का हे पाहायला उपयोगी पडतात. नॉर्मल आले म्हणून कॅन्सर नाही, असा मात्र अर्थ काढू नये.

शस्त्रक्रिया: बेंबी का काढतात

आजार पसरलेला नसेल तर शस्त्रक्रिया हाच मुख्य उपचार. मूत्राशयाचा नेहमीचा कॅन्सर स्नायूत शिरला की अनेकदा अख्खं मूत्राशय काढावं लागतं. इथे बहुधा तसं करावं लागत नाही, आणि ही रुग्णासाठी मोठी दिलाशाची गोष्ट आहे. गाठ माथ्यावर असल्याने मूत्राशयाची टोपी तेवढी काढता येते, खालचा भाग, मूत्रपिंडाकडून येणाऱ्या नळ्यांची तोंडं आणि लघवी रोखणारा स्नायू शाबूत राहतात.

पण वरच्या बाजूला काटकसर करून चालत नाही. मूत्राशयाची टोपी, तिच्यापासून निघालेली संपूर्ण दोरी, दोरीच्या आजूबाजूची चरबी, पोटाच्या स्नायूंमागचा पडदा, पोटाच्या पोकळीचं लगतचं अस्तर आणि शेवटी बेंबी असा सगळा पट्टा एकाच तुकड्यात, न तोडता बाहेर काढावा लागतो. काढलेला नमुना टेबलावर पसरला तर तो पतंगासारखा दिसतो: खाली मूत्राशयाचा गोल तुकडा, वर टोकाला बेंबी, मधे दोरी. कॅन्सरच्या पेशी या दोरीतून सरळ वर सरकू शकतात. दोरी मधेच कापली तर कापलेल्या टोकाशी पेशी उरण्याचा धोका राहतो आणि काही महिन्यांनी पोटाच्या भिंतीत नवी गाठ येते. कापलेल्या काठावर कॅन्सर शिल्लक राहणं आणि बेंबी-दोरी न काढणं ही आजार परत येण्याची टाळता येण्याजोगी कारणं आहेत. सोबत दोन्ही बाजूंच्या लसिकाग्रंथीही काढतात, त्यावरून आजाराचा टप्पा नेमका कळतो.

दुसरी काळजी श्लेष्म्याची. गाठ जेलीने भरलेली असते. ती शस्त्रक्रियेत फुटली आणि जेली पोटात सांडली, तर तिच्यातल्या पेशी पोटाच्या अस्तरावर रुजतात आणि पोट हळूहळू जेलीने भरत जातं. म्हणून गाठीला सुई टोचून बायॉप्सी घेण्यापेक्षा मूत्राशयाच्या आतून तुकडा घेणं बरं, आणि मूत्राशय उघडताना गाठीपासून अंतर राखणं महत्त्वाचं. शस्त्रक्रिया उघडी, लॅप्रोस्कोपीने किंवा रोबोटने कशीही होवो, नमुना पिशवीत घालूनच बाहेर काढायला हवा. पद्धत कोणती यापेक्षा सर्जनने हा पूर्ण पट्टा काढण्याचा बेत आधीपासून केला आहे का, हे विचारणं जास्त मोलाचं.

शस्त्रक्रियेनंतर लघवीची नळी साधारण एक ते दोन आठवडे ठेवतात. काढण्याआधी बऱ्याच ठिकाणी मूत्राशयात औषध भरून एक्सरे काढतात आणि टाक्यांतून गळती नाही ना ते पाहतात. निरोगी मूत्राशयात ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते. टोपी काढल्यावर सुरुवातीला तासा-तासाने जावं लागतं, रात्री झोपमोड होते. पुढच्या काही महिन्यांत मूत्राशय सैलावतं आणि क्षमता बरीच भरून निघते. दोन वेळांमधलं अंतर दर आठवड्याला दहा-पंधरा मिनिटांनी वाढवत नेलं तर मदत होते. त्रास होतो म्हणून पाणी कमी पिण्याची चूक अनेक जण करतात. त्याने लघवी घट्ट होऊन जळजळ आणि जंतुसंसर्ग वाढतो.

बेंबी नसणं ही वैद्यकीयदृष्ट्या अडचण नाही, पण आरशासमोर ते खुपतं, आणि ते बोलून दाखवायला संकोच वाटतो. प्लॅस्टिक सर्जन त्वचेची घडी घालून नवी बेंबी घडवू शकतात. हवी असेल तर शस्त्रक्रियेआधीच तसं सांगावं.

कोणतं औषध आणि कोणतं नको

नेहमीच्या कॅन्सरमध्ये मूत्राशयात बीसीजी (क्षयाच्या लशीतलंच औषध) सोडण्याचा उपचार पुष्कळ रुग्णांना माहीत असतो. तो अस्तरावरच्या उथळ गाठींसाठी आहे. युरेकसच्या गाठीपर्यंत तो पोचतच नाही, त्यात गेलेले आठवडे वाया जातात. रेडिएशनचाही इथे मुख्य उपचार म्हणून फारसा वाटा नाही, हाडातली किंवा दुखणारी गाठ शांत करायला ते वापरतात.

केमोथेरपी लागते ती आजार लसिकाग्रंथींत किंवा दूरवर फुप्फुस, हाडं, यकृत, पोटाचं अस्तर इथे पसरला असेल तर, किंवा शस्त्रक्रियेच्या काठावर कॅन्सर उरला असेल तर. दुर्मीळ आजारात मोठ्या चाचण्या होत नाहीत, त्यामुळे औषधं लहान मालिकांच्या आणि आतड्याच्या कॅन्सरच्या अनुभवावरून निवडली जातात. त्यातून एक गोष्ट बऱ्यापैकी पुढे आली आहे: ५-फ्लुरोयुरॅसिल हे आतड्याच्या कॅन्सरचं जुनं औषध ज्या मिश्रणांत आहे, ती मिश्रणं मूत्राशयाच्या नेहमीच्या कॅन्सरवर दिल्या जाणाऱ्या सिस्प्लॅटिनपेक्षा जास्त उपयोगी पडतात. फोलफॉक्स हे त्यातलं नेहमीचं. ते दर १४ दिवसांनी देतात, आणि त्यातलं ५-फ्लुरोयुरॅसिल छोट्या पंपातून सुमारे ४६ तास सतत जात असतं, त्यासाठी छातीत पोर्ट, म्हणजे त्वचेखालची औषध सोडायची छोटी डबी, किंवा दंडातून नळी बसवतात. फोलफॉक्समधल्या ऑक्सॅलिप्लॅटिन या औषधामुळे थंड गोष्टीला हात लावला की बोटांत मुंग्या येतात, गार पाणी प्यायलं की घशात चमकतं. त्या काही दिवसांत पाणी कोमट प्यावं आणि फ्रिजमध्ये हात घालणं दुसऱ्यावर सोपवावं. मुंग्या दोन डोसांच्या मधल्या काळातही राहू लागल्या, शर्टाची बटणं लावणं जड जाऊ लागलं, तर पुढच्या डोसाआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं, कारण मात्रा कमी करण्याची वेळ तीच असते. पहिल्याच डोसानंतर तोंड सोलवटलं आणि जुलाब थांबेनात, तर घरी वाट पाहू नये. काही जणांत ५-फ्लुरोयुरॅसिल पचवणारं एन्झाइम जन्मतः कमी असतं, त्यांच्यासाठी ते जीवघेणं ठरू शकतं. त्याची जनुकीय चाचणी उपलब्ध आहे.

आजार पसरलेला असेल तर गाठीच्या तुकड्यावर जनुकीय तपासणी करून घेण्यात अर्थ आहे. मायक्रोसॅटेलाइट, म्हणजे डीएनएतले पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे, अस्थिर निघाले तर इम्युनोथेरपीचा, म्हणजे प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध उभं करणाऱ्या उपचाराचा, मार्ग उघडतो, पेशीवरचं हर-२ हे प्रथिन वाढलेलं असेल तर त्यावरची औषधं आजमावता येतात. असं काही सापडतं ते थोड्यांनाच, पण ज्यांना सापडतं त्यांच्यासाठी वाट बदलते.

टप्पा, आकडे आणि पुढची वर्षं

रिपोर्टवर नेहमीच्या टीएनएम (गाठ, लसिकाग्रंथी आणि दूरचा प्रसार यांवरून ठरणाऱ्या) टप्प्याऐवजी ‘शेल्डन’ किंवा ‘मेयो’ असं लिहिलेलं आढळेल. शेल्डन पद्धत १९८४ सालची, बारीक पोटविभागांची. तिच्यात मूत्राशयापर्यंत पोचलेला आजार तीन-ए म्हणून नोंदतात, आणि ‘तिसरी स्टेज’ ऐकून घरच्यांच्या पायांखालची जमीन सरकते. मेयो पद्धतीत हाच आजार युरेकस आणि मूत्राशयापुरता असेल तर पहिल्या टप्प्यात मोडतो. म्हणून आकडा ऐकल्यावर तो कोणत्या पद्धतीचा, हे आधी विचारा. सगळे टप्पे मिळून पाहिलं तर पाच वर्षांनी साधारण निम्मे रुग्ण हयात असतात. आजार मूत्राशयापुरता असताना काठ स्वच्छ ठेवून काढला गेला तर चित्र याहून बरंच चांगलं असतं, लसिकाग्रंथींत पोचला असेल तर बरंच कठीण.

आजार परतायचा असेल तर बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांत परततो. म्हणून सुरुवातीला दर तीन ते सहा महिन्यांनी छाती-पोटाचा सिटी स्कॅन आणि मार्कर, मधूनमधून मूत्राशयाची दुर्बीण, आणि पुढे अंतर वाढवत किमान पाच वर्षं तपासण्या चालू ठेवतात. मूत्राशयातच किंवा फुप्फुसात एखादीच गाठ परतली, तर ती पुन्हा काढून टाकण्याचा विचार होऊ शकतो.

दुसरं मत घ्यायचं असेल, आणि या आजारात ते शस्त्रक्रियेआधी घ्यावंच, तर नुसत्या रिपोर्टची झेरॉक्स पुरत नाही. ज्या लॅबमध्ये बायॉप्सी तपासली तिथून काचेच्या स्लाइड्स आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या. ब्लॉक म्हणजे काडेपेटीहून लहान प्लॅस्टिकच्या चौकटीत मेणात बसवलेला मूळ तुकडा. नव्या चाचण्या त्याच्यावरच होतात. तो उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, मेण वितळतं. स्कॅनची सीडी, दुर्बिणीच्या तपासणीचं टिपण आणि असेल तर शस्त्रक्रियेचं टिपण सोबत हवं. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात किंवा नॅशनल कॅन्सर ग्रिड या देशभरातल्या कॅन्सर केंद्रांच्या जाळ्यातल्या दुसऱ्या एखाद्या केंद्रात युरॉलॉजी, मेडिकल ऑन्कॉलॉजी, रेडिओलॉजी आणि पॅथॉलॉजीचे डॉक्टर एकत्र बसून अशा रुग्णांचा निर्णय घेतात. खर्चासाठी रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकाला पहिल्याच दिवशी भेटा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत संलग्न रुग्णालयांमध्ये कॅन्सरच्या अनेक शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी बसतात, पण मंजुरी उपचार सुरू होण्याआधी घ्यावी लागते.

राहता राहिला एक प्रश्न, जो दुसऱ्याच कारणासाठी स्कॅन काढलेले लोक विचारतात: रिपोर्टमध्ये ‘युरेकल रेमनंट’ लिहिलं आहे, मला कॅन्सर होणार का? युरेकसचा थोडा अंश उरलेला असणं फारच नेहमीचं आहे आणि त्यातल्या हजारोंत एखाद्यालाही हा आजार होत नाही. तान्ह्या बाळांत असा अंश बऱ्याचदा पहिल्या सहा महिन्यांत आपसूक मिटतो, म्हणून बालशल्यविशारद त्रास नसेल तर वाट पाहतात. मोठ्या माणसात मात्र त्या अंशात घट्ट गाठ, चुन्याचे कण किंवा वाढता आकार दिसत असेल, किंवा लघवीतून रक्त गेलं असेल, तर युरॉलॉजिस्टकडे जाऊन मूत्राशयाचा माथा दुर्बिणीने पाहून घ्यावा.